पॅराशूटच्या कापडाचं जाकीट

ताई,

तुझं कापड माझ्या दुकानात तसंच पडून होतं. काउंटरच्या कोपऱ्यात, तू ठेवून गेलीस तिथंच. त्यावर मी गिऱ्हाइकांच्या पँटी ठेवल्या, ब्लाऊजचे पीस ठेवले, एकदा तर चहाचा कपही ठेवला. राखाडी रंगाचं, हात लावला की चुरचुर वाजणारं ते पॅराशूटचं कापड मी तीन आठवडे पाहिलं नाही, म्हणजे पाहिलं नाही असं दाखवलं. आणि मग तू गेलीस. आज सोळा दिवस झाले. तेरवी झाली, तुझी शुभांगी नागपूरला परत गेली, तुझ्या घराची चावी माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

मी काही लिहिणारा माणूस नाही, हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक? माझे दहावीचे मराठीचे पेपर पाहून तूच कपाळाला हात लावला होतास. नापास झालो तेव्हा तू नुकती शाळेत मास्तरीण म्हणून लागली होतीस. मला हाताला धरून शिलाईच्या दुकानात घेऊन गेलीस आणि तिथल्या मास्तरांना म्हणालीस, "याचं डोकं चालत नाई, पण हात चालते." तेव्हा मला फार राग आला होता. पुढं चाळीस वर्षं त्याच हातांवर माझं घर चाललं. तर आता मापाच्या वहीच्या मागच्या पानांवर हे लिहितोय. लाल पेन काढू नकोस.

तू रिटायर झालीस तेव्हा अख्ख्या अर्जुनी गावाला वाटलं, आता मॅडम पोथी वाचतील, कुंड्यांना पाणी घालतील. तू पहाडावर गेलीस. पहिल्या वर्षी पंधरा-वीस जणांच्या ग्रुपसोबत गेलीस आणि परत येऊन म्हणालीस, लोक फार बोलतात रे. दुसऱ्या वर्षापासून एकटी. तेही उन्हाळ्यात नाही, ऐन जानेवारीत. हिमाचलातल्या एखाद्या गावात कोणाच्या तरी घरी उतरायचं, सकाळी पाठीवर बॅग घ्यायची, बर्फातल्या वाटेनं वर खिंडीपर्यंत जायचं आणि उजेड असताना खाली यायचं. मी विचारलं, "एकटी काऊन जातेस?" तू म्हणालीस, "पस्तीस वर्षं चाळीस पोट्टे एकदम बोलून रायले होते. आता चार दिवस मले कोणाचंच ऐकायचं नाई." त्या चाळीसांत एक वर्ष मीही होतो.

पण बहीण बर्फात चालली म्हटल्यावर शिंपी भाऊ हातावर हात ठेवून बसेल का? मी तुला बंडी शिवली. नवा कापूस पिंजून आणला. आतून मऊ मलमल, बाहेरून जाड खादी, आणि कापूस खाली उतरू नये म्हणून दोन-दोन बोटांवर टाके घालून चौकटी पाडल्या. आठ दिवस दुसरं काम हातात धरलं नाही. दिवाळीनंतरच्या लग्नांचे कपडे अडले, दोन वरमाया माझ्यावर चिडल्या. तू ती बंडी घालून आरशासमोर उभी राहिलीस आणि म्हणालीस, "बाळू, मी त पुरी गादी दिसून रायली." पण घेऊन गेलीस.

तिकडून तू एक फोटो पाठवलास. मागं पांढराशुभ्र डोंगर, तू बंडीत, दात काढून हसतेस. तो मी मोठा करून दुकानात लावला. पुढची पाच वर्षं जो आला त्याला ऐकवलं, ही बंडी हिमालयात जाऊन आली आहे. चार जणांनी तशीच शिवून नेली. तू दुकानात यायचीस, त्याच फोटोखाली स्टुलावर बसायचीस, चहा प्यायचीस आणि एक शब्द बोलायची नाहीस. मला वाटायचं, कौतुकानं तुला संकोच होतो.

तुझ्या सामान भरण्याची मी किती टर उडवायचो, आठवतं? डिसेंबर लागला की समोरच्या खोलीत चादर अंथरायचीस आणि त्यावर एकेक वस्तू मांडायचीस. शेजारी स्वयंपाकघरातला तो छोटा वजनकाटा. दोन हातमोजे, एक पातळ, एक जाड, काट्यावर. कानटोपी काट्यावर. ब्रशची दांडी तू विळ्यानं अर्धी कापलीस, कारण तेवढेच ग्रॅम कमी. मी म्हटलं, ताई, दातही अर्धे काढून ठेव. तू पट्टी शोधायला लागलीस. सवय जात नाही म्हणतात ती अशी.

सगळं मिळून नऊ किलो, त्यावर नाही, असा तुझा नियम होता. "एकटी जातो म्हणजे उचलाले बी एकटीच," म्हणायचीस. बॅगेच्या आत युरियाच्या पोत्यातलं प्लास्टिक धुऊन, वाळवून अस्तरासारखं लावायचीस. बाजारात त्यासाठी वेगळी पिशवी मिळते, पण तुला ती दिखाऊ वाटायची. त्यात झोपायचे कपडे आणि मोज्यांचा एक जोड. बाहेर काहीही झालं तरी हे दोन कोरडेच राहिले पाहिजेत. पाण्याची बाटली उलटी ठेवायची, कारण पाणी वरून गोठतं, मग झाकण तरी मोकळं राहतं. फोन खिशात नाही, छातीशी, नाहीतर थंडीनं त्याची बॅटरी मरते. खायला फुटाणे, गूळ आणि आपल्याकडचे मुरमुरे. मी म्हणायचो, हिमालयात जाऊन मुरमुरे खातेस? तू म्हणायचीस, वजन नाही रे त्यांना.

आणि मग कपड्यांचा धडा. तो तू मला दरवर्षी शिकवलास आणि मी दरवर्षी नापास झालो. तीन थर. अंगाला लागून पातळ लोकरीचं, ते घाम बाहेर घालवतं. मधलं जाडसर, ते ऊब धरतं. सगळ्यात वरचं पातळ, पण वाऱ्याला दाद न देणारं. ज्यानं त्यानं आपापलं काम करायचं. आणि निघताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे, वाजत नसेल तर जास्त घातलंय असं समजायचं. हे शेवटचं तर मला अजिबात पटायचं नाही. थंडी वाजत असताना घरून निघायचं, ही कुठली पद्धत? आपली आई आपल्याला कानाला मफलर बांधल्याशिवाय परसात जाऊ देत नव्हती.

मला पटावं म्हणून तू मला आपल्या गावाजवळच्या प्रतापगडाच्या टेकडीवर घेऊन गेलीस. जानेवारीची सकाळ होती, धुकं होतं, आपल्याकडं म्हणतात तशी हाडं फोडणारी थंडी. मी बनियान, सदरा, स्वेटर, माझी स्वतःची कापसाची बंडी आणि वरून मफलर असा निघालो. तू त्या मानानं उघडीच वाटत होतीस. पायथ्याशी तू हात चोळत होतीस आणि मी तुला हसत होतो. अर्ध्या चढावर माझं सगळं अंग घामानं निथळलं. बंडी काढायची म्हटलं तर तुझ्यासमोर कशी काढणार? तसाच वर गेलो. वर वारा होता. पाच मिनिटांत माझे दात वाजायला लागले, बनियान पाठीला ओल्या फडक्यासारखं चिकटलं. तू वर चढताना काढून ठेवलेला स्वेटर आता अंगात घातला होतास आणि निवांत गूळ-फुटाणे खात होतीस. बॅगेतून एक कोरडा टी-शर्ट काढून माझ्या अंगावर टाकलास. काही बोलली नाहीस. मला वाटतं शिक्षिका म्हणून तुझ्या आयुष्यातला सगळ्यात अवघड क्षण तोच असेल, गप्प बसण्याचा.

म्हणजे ताई, मला माहीत होतं. त्याच दिवशी मला कळलं होतं की सुती कापड घामानं भिजलं की ते थंडीत वैरी होतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्याच्यासारखा मित्र नाही, आणि मी चाळीस वर्षं त्याच उन्हाळ्यासाठी शिवत आलो. घरी आलो, ओले कपडे दोरीवर टाकले आणि बायकोला म्हटलं, ताईनं फार पळवलं. बंडीबद्दल बोललो नाही. फोटो तसाच राहू दिला.

आणि मला भीती वाटायची, हेही आज सांगतो. प्रत्येक वेळी निघताना तू दोन कागद लिहायचीस. वाट कोणती, किती वाजेपर्यंत परत, नाही आले तर कोणाला कळवायचं. एक कागद तू जिथं उतरणार त्या घरी, दुसरा माझ्याकडे. तुझा मुक्काम असेपर्यंत रोज तो मशीनच्या ड्रॉवरमध्ये समोर असायचा. चार वाजले की माझं काम बिघडायचं. एकदा तुझा फोन साडेपाचला आला, नेटवर्क नव्हतं म्हणालीस, आणि मी एका माणसाच्या पँटीला दोन्ही पाय उजवेच लावून ठेवले होते. ही गोष्ट मी तुला हसवायला सांगितली, पण तेव्हा माझं काय झालं होतं ते नाही सांगितलं. आई-बाबा गेल्यावर मला रागावणारं दुसरं कोण उरलं होतं?

आता ती सकाळ. दिवाळीनंतरची. तू ते कापड घेऊन आलीस तेव्हा दुकानात दोन गिऱ्हाइकं होती.

"बाळू, याचं जाकीट शिवून दे, टोपीसकट. अस्तर नको, अन् कापूस त अजिबात नको."

"हे कापड व्हय का ताई? हे त प्लास्टिक आहे. माणूस उकडून मरन यात."

"फक्त वारा अडवाले पायजे. बाजारातलं माह्या खांद्याले बसत नाई. तुह्यासारखा खांदा कोणी काढत नाई."

तू माझं कौतुक करत होतीस. मला ते ऐकूच आलं नाही. मी फोटोकडे बोट दाखवलं आणि मोठ्यानं, त्या दोघांना ऐकू जाईल असं म्हटलं, "पाच वर्षं ते बंडी चालली, आता तिले काय झालं?"

तू फोटोकडे पाहिलंस, मग त्या दोघांकडे. आवाज खाली आणून म्हणालीस, "बाळू, ते बंडी मी एकच दिवस घातली. चढावर आतून घामानं भिजली, वरून बर्फ पडला. वाऱ्यात थांबली त अंग कापाले लागलं, बोटं वळेनात. कशीबशी खाली आली. ज्या घरी उतरली होती तिथल्या बाईनं बंडी अंगावरून सोलून काढली अन् मले चुलीपाशी बसवलं. फोटो त्याच्या आधीचा आहे."

पाच वर्षं तू हे पोटात ठेवलंस. माझ्या फोटोखाली बसून चहा प्यालीस. माझी बंडी तुझा जीव घेता घेता राहिली आणि तू परत आल्यावर मला म्हणाली होतीस, टाके चांगले बसलेत. हे सगळं मला तेव्हा दिसायला हवं होतं. मला दिसली फक्त ती दोन गिऱ्हाइकं. एक जण तर गालात हसत होता, निदान मला तसं वाटलं. आणि मी ते बोललो.

"मरायचीच हौस असन त काहीही घालून मर. मी शिवत नाई."

तू उठलीस. चष्मा पुसलास. म्हणालीस, "माप जुनंच आहे. बाह्या जरा लांब ठेवजो, हात वर केला की मनगट उघडं पडते." आणि गेलीस. कापड उचललं नाहीस.

तीन आठवडे आपण बोललो नाही. तुझं घर माझ्या दुकानापासून चालत दहा मिनिटांवर. रोज सकाळी तू बॅगेत नऊ किलो तांदूळ भरून तलावाच्या पाळीवर चालायला जायचीस, जानेवारीची तयारी म्हणून. आपल्या आज्या-पणज्यांनी माती टाकून बांधलेली ती पाळ, आणि तिच्यावरून तू बर्फाचे बूट घालून चाललीस की लोक विचारायचे, "म्याडम, तांदूर कोठी नेऊन रायल्या?" तू म्हणायचीस, "फिरवून आणतो, घरी बसून बसून कंटाळले ते." मला हे लोक येऊन सांगायचे आणि मी हुं करायचो. एक दिवस दुकान उघडायला जाताना तू लांबून दिसलीस. मी वळलो आणि दुसऱ्या गल्लीनं गेलो.

तू गेलीस त्या सकाळी जाळं टाकायला आलेल्या ढिवरभाऊनं फोन केला. म्हणाला, मॅडम पाळीवर दगडाला टेकून बसल्या आहेत, हाक दिली तर ओ देत नाहीत. मी चप्पल न घालता पळालो. तू बसली होतीस. बॅग पाठीवरच होती. छातीवरचा पट्टा, कमरेचा पट्टा, सगळं नीट लावलेलं. मला ते बकल उघडता येईना. कोणीतरी म्हणालं, पट्टे कापा, तुमच्याकडं कैची असते. मी नाही म्हटलं. तुझ्या वस्तूला कैची लावणं मला जमलं नसतं. शेवटी उघडलं आणि तुला तुझ्या नऊ किलोंमधून सोडवलं. तुझे हात गार होते, पण तुझे हात नेहमीच गार असायचे, म्हणून मी चोळत बसलो.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, हे घरात बसूनही झालं असतं. गाव म्हणालं, त्या बॅगेनं मारलं, चौसष्ट वर्षांच्या बाईला काय गरज होती. तेरवीच्या पंगतीत एक जण तेच बोलला. मी त्याला वाढायचा थांबलो आणि म्हटलं, तिला जे आवडत होतं ते करताना ती गेली, तुम्ही भात घ्या. पण खरं सांगू? पहिले तीन-चार दिवस मलाही बॅगेवरच ढकलून द्यावंसं वाटत होतं. बॅगेनं मारलं म्हटलं की माझं वाक्य सुटतं.

शेवटचं लुगडं माहेरचं असतं. म्हणजे ते मी आणायचं. आयुष्यभर मी तुझे ब्लाऊज शिवले, आता तुला नेसवायचं मी निवडायचं होतं. कापडाच्या दुकानात गेलो, तर त्यानं समोर चकचकीत पॉलिस्टरच्या साड्या टाकल्या. "भाऊ, जलाना ही तो है," म्हणाला, चांगल्या मनानंच म्हणाला. मी त्याच्यावर ओरडलो. सुती दाखव म्हटलं, हातमागाचं, मऊ. बारीक काठाचं पांढरं सुती घेऊन आलो. रस्त्यात लक्षात आलं, ताई, की आपला वाद मी जिंकलो. शेवटी तुला मी म्हणतो तेच कापड घालावं लागलं आणि तुला नाही म्हणता आलं नाही. मला असं नको होतं. तू उठून म्हणाली असतीस, बाळू, हे भिजलं की गार पडते, तर मी ते तिथंच फाडलं असतं.

बायका तुला आत तयार करत होत्या. मी दाराशी गेलो आणि काकीला हळूच तुझे लोकरीचे मोजे दिले. काकी म्हणाली, "तिले आता थंडी नाई लागत रे बाळू." मी म्हटलं, "तिचे पाय गार पडतात काकी." ब्याऐंशी वर्षांची बाई ती, सगळे विधी तिला पाठ. तिनं मोजे हातात घेऊन बोटांनी चाचपले. मग म्हणाली, "लोकर चालते." आणि तिनंच तुझ्या पायांत मोजे घातले, वरून काठ असा ओढला की कोणाला दिसू नये. काकीचे पाय धरावेसे वाटले, पण तोपर्यंत बाहेर लोक घाई करायला लागले होते.

तेरवीनंतर शुभांगीनं मला तुझ्या घरी बोलावलं. म्हणाली, मामा, आईचं पहाडाचं सामान मला उघडवत नाही, तुम्ही पाहा. समोरच्या खोलीत चादर अंथरलेलीच होती. अर्धं सामान मांडून झालं होतं. काट्याशेजारी वही.

ती वही मी पहिल्यांदा नीट वाचली. दरवर्षीची यादी, प्रत्येक वस्तूपुढं वजन. तुझं ते सरळ रेघेतलं अक्षर. आणि ताई, प्रत्येक यादीत बंडी आहे. "बंडी – ९०० ग्रॅम." आणि प्रत्येक यादीत ती खोडलेली आहे. बर्फात थरथरून आल्यावरही पुढच्या वर्षी तू परत बंडी लिहिलीस आणि परत खोडलीस. त्याच्या पुढच्या वर्षीही. न्यायची नाही हे तर ठरलेलंच होतं. मग दरवर्षी लिहीत का होतीस? शुभांगीनं चहा आणला आणि तो तसाच गार झाला.

शेवटची यादी या जानेवारीची. तीत बंडी नाही. बूट, मोजे, मोजे कोरडे, पातळ लोकरीचं, आणि मग खाली: "जाकीट (बाळू) – ३०० ग्रॅम."

मी शुभांगीला म्हटलं, ही यादी तिनं दिवाळीत केली असेल, आमचं भांडण व्हायच्या आधी. ती म्हणाली, "नाही मामा. जायच्या चार दिवस आधी आईनं मला फोनवर वाचून दाखवली होती. मीच म्हटलं, मामा तर शिवणार नाही म्हणाले ना? तर आई म्हणाली, शिवन तो. आधी रागावते, मंग शिवते."

ताई, तिथं मी रडलो. तेव्हापर्यंत रडलो नव्हतो. पाळीवर नाही, घाटावर नाही. तुझ्या पोरीसमोर छप्पन्न वर्षांचा माणूस मुरमुऱ्यांची पिशवी मांडीवर घेऊन रडलो. तू माझ्यावर रागावून गेलीस की नाही, हे एकच मला दिवसरात्र खात होतं, आणि तू तर हिशेबात धरून बसली होतीस की मी रागावणार, मग शिवणार. तुला माझी पूर्ण खात्री होती. मलाच नव्हती.

काल दुकान अर्धंच उघडलं. तुझं कापड अंथरलं. खरं सांगतो, हे कापड मला हाताळता आलं नाही. खडूची खूण टिकत नाही, मशीनच्या दाबाखालून सटकतं, कात्री लावली की पळतं. बारीक सुई लावली, सुती दोरा काढून ठेवला. एक टाका चुकला आणि तो काढला, तर छिद्र तसंच राहिलं. असल्या कापडात सुई एकदा गेली की गेली. मग फार जपून चालवलं. शिवणी दुहेरी दुमडल्या, वारा शिरू नये म्हणून. खांदा तुझाच काढला, उजवा जरा खाली, खडू धरून धरून उतरलेला. टोपी लावली. बाह्या दोन बोटं लांब ठेवल्या. मधेच एक गिऱ्हाईक आलं, माझी बंडी शिवून नेलेल्यांपैकी. मी त्याला म्हटलं, भाऊ, ती बंडी घरात घाल, शेतावर बसताना घाल, पण ती घालून डोंगर चढू नकोस. तो म्हणाला, मी कधी डोंगर चढतो? तरी सांगून ठेवलं.

संध्याकाळी तुझ्या घरी जाऊन जाकीट काट्यावर ठेवलं. तुझ्या यादीत तीनशे ग्रॅम. माझं तीनशे चाळीस भरलं.

फोन छातीशी राहावा म्हणून आतून एक खिसा मी माझ्या मनानं लावला आहे. नको असेल तर सांग. छिद्रं राहतील, पण उसवून देतो.

तुझा,
बाळू